पिशवी काढण्याआधी : ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी

"डॉक्टर, पिशवी काढूनच टाकू का? एकदाची कटकट जाईल."

तलवाडा, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या भागात दवाखाना चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हा प्रश्न नवा नाही. पावसाळा उतरू लागला की तो जास्त ऐकू येतो. तलवाड्याच्या त्वरिता देवीचं नवरात्र संपलं, दसरा झाला, की मुकादमाचा निरोप येतो आणि टोळ्या निघतात : सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटक. पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने घर बंद. तेव्हा जे दुखणं आहे ते जायच्या आधी निस्तरून टाकावं, असं बाईला वाटतं. ती पस्तिशीच्या आत-बाहेरची असते. लग्न सोळा-सतराव्या वर्षी झालेलं, दोन-तीन लेकरं झाल्यावर बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. आता पाळीत जास्त जातंय, अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरतेय. लेकरं झाली, मग पिशवीचं काम काय राहिलं, असा तिचा हिशोब असतो. शेजारणीने काढली, जावेने काढली.

आज मला या हिशोबाबद्दलच लिहायचं आहे. हा लेख तुम्ही मोबाईलवर वाचत असाल, तर घरातल्या बाईला वाचून दाखवा, आणि तिच्या नवऱ्यालाही समोर बसवा. निर्णय बऱ्याचदा तोच घेतो.

आधी आकडे, कारण त्यांची फार सरमिसळ होते. जून २०१९ मध्ये तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं की बीड जिल्ह्यात आधीच्या तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. पहिला आकडा तीन वर्षांतल्या ऑपरेशनांचा, दुसरा आजवर कधीही ऑपरेशन झालेल्या बायकांचा. दोन्ही खरे, पण त्यांची बेरीज-वजाबाकी करू नका. तुलनेसाठी एवढंच ध्यानात ठेवा : २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं.

तेव्हा वर्तमानपत्रांत "गर्भाशय नसलेल्या बायकांची गावं" असं बरंच छापून आलं. लोक हळहळले, काही डॉक्टरांना शिव्या पडल्या, जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची असा नियम झाला. नियम चांगलाच आहे. पण माझं मत विचाराल तर त्या सगळ्या गदारोळात एक गोष्ट बाजूला पडली. बाई ऑपरेशन का मागते हे फार थोड्यांनी विचारलं. सगळा दोष एकट्या सर्जनवर टाकला की मुकादम, कारखाना, नवरा आणि आपण सगळेच मोकळे होतो.

ती मागते, कारण फडात आजारी पडायला जागा नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांच्या नावावर उचल घेतलेली असते. एक जण बसला की खाडा, आणि खाड्याचे दिवसाला पाचशे किंवा त्याहून जास्त रुपये कापले जातात. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायची, उजाडायच्या आत फडात जायचं, दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या. रात्री-अपरात्री ट्रॅक्टर आला तर झोपेतून उठून भरायचा. मुक्काम कोपीत. संडास नाही, आडोसा नाही. पाळीचे कपडे धुवायला पाणी नाही, वाळत घालायला जागा नाही. अशा ठिकाणी महिन्याचे चार दिवस म्हणजे कामातला अडथळा आणि पैशातला तोटा. "पाळीच नको" हे तिचं म्हणणं मला मूर्खपणाचं वाटत नाही. ते कामाच्या अटींना दिलेलं सरळ उत्तर आहे. फक्त त्या उत्तराची किंमत तिच्या शरीरातून वसूल होते, आणि ती किंमत तिला कुणी नीट सांगितलेली नसते.

ती मी सांगतो.

पिशवी काढल्यावर काय होतं

गर्भाशय म्हणजे पिशवी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना असतात अंडाशयं. लोक दोन्हींना मिळून पिशवीच म्हणतात, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. ऑपरेशनमध्ये कधी नुसती पिशवी काढतात, कधी अंडाशयंही. अंडाशयं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक तयार करतात. ते हाडं, हृदय, झोप, मन, लघवीची जागा या सगळ्यांना लागतं. पस्तिशीत दोन्ही अंडाशयं काढली की जी रजोनिवृत्ती पंचेचाळीस-पन्नाशीला हळूहळू आली असती, ती एका दिवसात येते. अंगातून वाफा निघतात, रात्री दरदरून घाम येतो, चिडचिड होते, सांधे दुखतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात. पुढे हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अंडाशयं ठेवली तरी काही जणींमध्ये ती नेहमीपेक्षा काही वर्षं लवकर थकतात.

म्हणजे ज्या बाईने फडात खंड पडू नये म्हणून ऑपरेशन केलं, तिचीच हाडं चाळिशीत मोळी उचलायला नाही म्हणू लागतात. त्यात ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नसतं, आणि आमच्याकडच्या बायका त्याआधीच कामाला लागलेल्या असतात. आणखी एक गोष्ट. कंबरदुखी बहुतेक वेळा पिशवीमुळे नसतेच. ती वाकून तोडल्यामुळे आणि ओझ्यामुळे असते. पिशवी गेली तरी कंबर तशीच राहते, आणि ऑपरेशनच्या खर्चापायी पुढच्या हंगामाची उचल मात्र वाढलेली असते.

याचा अर्थ पिशवी कधीच काढायची नाही असा घेऊ नका. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असून औषधांना दाद देत नसतील, अंग बाहेर येत असेल आणि दुसऱ्या उपायाने भागत नसेल, सगळं करूनही रक्तस्राव थांबत नसेल, तर ऑपरेशन योग्यच, आणि ते वेळेवर झालेलं बरं. माझा आक्षेप घाईला आहे. सोनोग्राफीच्या कागदावर एखादी छोटी गाठ दिसली आणि आठवड्यात टेबलावर घेतलं, याला आहे.

पांढरं जाण्याबद्दल तर फारच भीती घातली जाते. "पांढरं जातंय, पुढे कॅन्सर होईल, आत्ताच काढा." हे खरं नाही. पाळीच्या मधल्या काळात थोडं पांढरं, बिनवासाचं जाणं नैसर्गिक आहे. वास येत असेल, खाज असेल, रंग हिरवट-पिवळा किंवा दह्यासारखा असेल, तर तो बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो. तो काही दिवसांच्या औषधाने बरा होतो. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर बाईला परत-परत होत राहतं. इथे नवरे हमखास कां-कूं करतात. "मला काय झालंय?" म्हणतात. त्यांना काही त्रास जाणवत नसतो एवढंच.

जास्त रक्त जात असेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि सोनोग्राफी होऊ द्या. वय चाळिशीच्या पुढे असेल तर पिशवीच्या अस्तराचा छोटा तुकडाही तपासायला घेतात. मग गोळ्या आहेत : पाळीच्या दिवसांत रक्त कमी करणाऱ्या, संप्रेरकांच्या. तांबीसारखं बसवायचं, पण आतून संप्रेरक सोडणारं साधनही मिळतं. ते काही वर्षं चालतं आणि पुष्कळ जणींचा रक्तस्राव अगदी थोडा होतो, काहींची पाळी थांबतेही. जिला हंगामभर त्रास नको आहे, तिच्यासाठी हा उपाय ऑपरेशनच्या कितीतरी अलीकडचा आहे. याबद्दल आमच्या भागात बोललंच जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

कर्करोगाची भीती असेल तर ती तपासून घालवा. गर्भाशयाच्या मुखावर पातळ व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहायची तपासणी काही मिनिटांची असते. ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी ती करायची असा सरकारी कार्यक्रम आहे, आणि ती फुकट होते. घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर एचपीव्हीच्या लसीबद्दलही त्याच वेळी विचारा.

रक्त, पाणी आणि दुखीच्या गोळ्या

२०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्त कमी होतं. बाईला चक्कर येते, छाती धडधडते, चढ चढताना दम लागतो, आणि घरचे म्हणतात कामचुकार झाली. हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. ते सात-आठवर घेऊन ती मोळ्या वाहत असते. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. त्या चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या, आणि गोळी व चहा यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून बंद करू नका. रक्त वाढलं असं कळलं तरी पुढे तीन महिने चालू ठेवा, कारण शरीराचा रिकामा झालेला साठाही भरायचा असतो. बाजरीची भाकरी, मटकी, हुलगे, शेवग्याचा पाला, शेंगदाणे या चांगल्याच गोष्टी आहेत, पण आठवर गेलेलं हिमोग्लोबिन नुसत्या गूळ-शेंगदाण्याने बारावर येत नाही. तिथे गोळीच लागते, कधी शिरेतून इंजेक्शनही.

आता एक लांबची गोष्ट सांगतो, पण ती उसाचीच आहे. मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वादोर या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडं निकामी होत असल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांना ना मधुमेह, ना रक्तदाब. संशयाचं मुख्य बोट उन्हातलं अतिकष्टाचं काम आणि अपुरं पाणी यांच्याकडे आहे. तिथे काही कारखान्यांनी पाणी, विश्रांती आणि सावली यांचं वेळापत्रकच बसवलं. आपली तोड थंडीत सुरू होते खरी, पण फेब्रुवारीनंतरचं ऊन तुम्हाला मी सांगायला नको. आणि आपल्या बायका तर मुद्दाम पाणी कमी पितात, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. त्याने लघवीची आग, मुतखडा, जंतुसंसर्ग होतो. त्यावर अंगदुखीसाठी रोज मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. दुखी थांबवणाऱ्या गोळ्या सतत घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा करतात, आणि शरीरात पाणी कमी असताना जास्तच करतात. रिकाम्या पोटी घेतल्या तर जठरात अल्सर. ज्या दिवशी फारच दुखतंय त्या दिवशी साधी पॅरासिटॅमॉल, तीही सांगितलेल्या प्रमाणात. रोज गोळी लागत असेल तर ते कळवण्यासारखं दुखणं आहे. तंबाखू आणि मिश्रीने भूक आणि थकवा मारण्याबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल.

वाकून करायच्या कामाचंही एक उदाहरण तिकडचंच. कॅलिफोर्नियात लेट्यूस आणि शुगर बीटच्या शेतांत मेक्सिकन मजुरांना अगदी आखूड दांड्याचं खोरं वापरावं लागे. दिवसभर कमरेत दुमडून काम, आणि ऐन चाळिशीत पाठ मोडलेली. मजूर संघटनांनी, वकिलांनी प्रश्न लावून धरला, डॉक्टरांनी पाठीच्या आजारांची साक्ष दिली, आणि १९७५ मध्ये त्या अवजारावर बंदी आली. मालक म्हणत होते, लांब दांड्याने पीक बिघडेल. तसं काही झालं नाही. मला ही गोष्ट आवडते, कारण त्यात मजुराला व्यायाम शिकवून थांबले नाहीत, अवजार बदललं. आपल्याकडे कंबरदुखीवर मलम आणि पट्टा देऊन आम्ही डॉक्टर मोकळे होतो. मोळीचं वजन किती असावं, गाडी भरायला शिडीऐवजी दुसरं काही करता येईल का, हे कुणीच विचारत नाही.

तिकडच्या आणखी दोन गोष्टी. हंगामी शेतमजुरांसाठी खास दवाखाने हवेत हे मान्य करून अमेरिकेने १९६२ मध्येच तसा कायदा केला. आणि त्या वस्त्यांत स्पॅनिश बोलणाऱ्या, त्याच समाजातल्या बायका घरोघर जाऊन तपासण्या, लसी, औषधं समजावतात. त्यांना 'प्रोमोतोरा' म्हणतात. आपल्याकडे आशाताई आहेतच. फरक एवढाच की आपल्या आशाताईची नोंद गावाची असते. बाई तलवाड्यात असते तोवर ती तिची, बाई कारखान्यावर गेली की तिथल्या आशाताईच्या यादीत तिचं नाव नसतं. पोटुशी बाई सातव्या महिन्यात निघून जाते आणि नववा महिना कुणाच्याच वहीत नसतो.

म्हणून माझं म्हणणं असं की बीडमध्ये पावसाळ्यात घेतलेल्या आरोग्य शिबिरांनी फारसं काही होणार नाही. शिबिरात वजन होतं, रक्त काढतात, फोटो निघतात, आणि अहवाल यायच्या आत टोळी निघून गेलेली असते. तपासणी इथे आणि उपचार फडावर, अशी साखळी हवी. ज्या कारखान्याच्या गाळपासाठी हजारो माणसं येतात, त्या कारखान्याच्या तळावर संडास, पाणी, आठवड्याला येणारी परिचारिका आणि पाळणाघर असणं ही दया नव्हे, तो धंद्याचा खर्च आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ते चांगलंच झालं. पण दराच्या बोलणीत पाळीच्या दिवसांचा आणि आजारपणाचा खाडा माफ करण्याचा विषयही तितक्याच जोराने यायला हवा. तोवर आम्ही पिशवीबद्दल कितीही लेख लिहिले तरी ओपीडीतला प्रश्न तोच राहील. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात असं सांगितलं आहे. त्या लागू झाल्या की नाहीत हे विचारायचा तुम्हालाही हक्क आहे.

आणि एक गोष्ट घरातली. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २२ टक्के. मी समजू शकतो. आईबाप सहा महिने बाहेर, वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय लग्न झालं की एक कोयता तयार. पण ओपीडीत येणाऱ्या त्या पस्तिशीच्या बाईचं दुखणं सोळाव्या वर्षी सुरू झालेलं असतं. मुलींसाठी हंगामी वसतिगृह किंवा आजीजवळ राहून शाळा, यातलं जे जमेल ते करा, पण तिला फडात नेऊ नका.

निघायच्या आधीची पिशवी

ही पिशवी कापडाची. दसऱ्याच्या आधी एक दिवस काढा आणि दोघंही सरकारी दवाखान्यात जा. बाईचं हिमोग्लोबिन, दोघांचा रक्तदाब आणि साखर, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली हे बघून घ्या. कोयत्याची जखम हंगामात होतेच. लोहाच्या, रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या किमान दोन महिन्यांच्या मागा, आणि डॉक्टरांकडून आजाराचं नाव व औषध कागदावर स्पष्ट लिहून घ्या. तिकडच्या डॉक्टरला तेच लागतं. लेकराचं लसीकरण कार्ड, पोटुशी असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, रेशनकार्ड एका प्लॅस्टिकच्या थैलीत घाला. लस कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते. रेशनही आता दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात मिळतं. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळच्या अंगणवाडीत जाऊन आपली नावं सांगा. बोलवायला कुणी येईल याची वाट बघू नका. सगळ्या कागदांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, कोपीला आग लागते तेव्हा कागद उरत नाहीत.

१०८ नंबर सगळ्यांना तोंडपाठ हवा. साप चावला तर मांत्रिक नको, घट्ट दोरी नको, कापून रक्त काढणं नको. हातपाय न हलवता सरळ दवाखान्यात न्या. तासाला कपडा बदलावा लागेल इतकं रक्त जात असेल, पोटुशी बाईचे पाय-तोंड सुजून डोकं दुखत असेल, डोळ्यांसमोर अंधारी येत असेल, तर त्या दिवशीच्या खाड्याचा विचार करू नका.

आणि कुणी "उद्याच पिशवी काढा" म्हणालं, तर तीन गोष्टी विचारा : नेमका आजार कोणता, औषधाने किती महिने प्रयत्न करता येईल, आणि अंडाशयंही काढणार का. उत्तरं लिहून घ्या आणि तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा. जिल्हा रुग्णालयातही दाखवता येईल. माझ्याकडे आलात तरी चालेल, फक्त जुने रिपोर्ट विसरू नका.